इटलीत ट्रेन आणि भाड्याची गाडी, कुठं काय घ्यावं?

निपाणीकर८८:
नमस्कार मंडळी. मे मध्ये आम्ही चौघं (मी, बायको, आई-बाबा) १० दिवस इटलीला चाललोय. रोम, फ्लॉरेन्स, टस्कनीतली गावं आणि शेवटी व्हेनिस. माझं म्हणणं रोमच्या एअरपोर्टवरच गाडी घ्यायची आणि व्हेनिसला सोडायची, निपाणीतनं गाडी काढली की आपण डायरेक्ट गोव्यात उतरतो, मग तिथं बॅगा ओढत ट्रेन बदलत कशाला बसायचं? बायको म्हणते ट्रेनच बरी. कुणी केलंय का असं? लायसन्स केए २३ चं आहे.

चोर्लाघाट:
वहिनी बरोबर सांगालेत की! रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेन दीड तासात नेते, फ्रेचारोसा किंवा इतालो, तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. गाडीनं त्याच्या दुप्पट वेळ, वर टोल. व्हेनिसमध्ये तर गाडी वेशीवरच्या पियात्साले रोमा चौकाच्या पुढं जातच नाही, नुसती उभी करायची आणि पार्किंग भरायचं. ट्रेननं गेलात तर सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की समोर कॅनॉल.
गाडी घ्या ती फक्त टस्कनीचे ३ दिवस. पिएन्झा, मोंतेपुल्चानो, तिकडं बस मोजक्या, आई-बाबांना स्टॉपवर ताटकळत ठेवू नका. आणि फ्लॉरेन्स गावातनं घेऊ नका, एअरपोर्टवरून घ्या, ट्राम आहे. परत तिथंच सोडली की दुसऱ्या गावात सोडायचा जादा चार्ज पण वाचतो.

टिळकवाडी_तिसरंगेट:
गावातनं का नको ते मी सांगतो, पैसे भरून शिकलोय. जुन्या शहरात झेडटीएल म्हणून भाग असतो, परवानगी नसलेली गाडी शिरली की कॅमेरा नंबर टिपतो, कोण अडवत नाही, शिट्टी नाही काही नाही. मी हॉटेल शोधत एकाच गल्लीत दोनदा शिरलो. आठ महिन्यांनी घरी रजिस्टर पत्रं, दोन! त्याच्या आधीच गाडीवाल्यानं नाव-पत्ता कळवायची फी म्हणून कार्डावरनं वेगळे पैसे कापलेले. परदेशातल्या माणसाला दंड कळवायला त्यांच्या कायद्यात ३६० दिवस आहेत, त्यामुळं सहा महिने काही आलं नाही म्हणून खूश होऊ नका. हॉटेल वेशीबाहेरचं बघा.
आणि हो, स्टिअरिंग डावीकडं. इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर सुरू होईल, पहिला दिवस माझा तोच कार्यक्रम, बायको हसून हसून बेजार.

खानापूरची_सून:
कागदांचं कोण बोललंच नाही. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट चिकोडी आरटीओतनं काढा, १ वर्ष चालतं, सोबत मूळ लायसन्स पाहिजेच. डिपॉझिटला क्रेडिट कार्ड लागतं, तेही जो चालवणार त्याच्याच नावाचं, बाबांचं पुढं केलं तर काउंटरवरच अडतं. ऑटोमॅटिक पाहिजे तर आधीच बुक करा. चौघं आणि चार मोठ्या बॅगा छोट्या गाडीत बसत नाहीत, ते आत्ताच ठरवा.

निपाणीकर८८:
ठरलं मग, गाडी ३ दिवसच. बॅगा कमी कर म्हणून आईला सांगायचं काम बायकोला दिलेलं, तिनं ते परत माझ्याकडंच ढकललंय. चिवड्याचे दोन डबे आत्ताच कपाटावर दिसालेत.