कंबरदुखीसाठी घरी पिलाटेस सुरू करायचंय, सुरुवात कुठून करू?

मुग्धा_र:
नमस्कार मंडळी. दिवसभर खुर्चीत बसून काम असतं आणि बरेच महिने झाले कंबर दुखतेय, अगदी खाली, पट्टा बांधतो त्या जागी. संध्याकाळी जास्त. सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडलेली असते, जरा हिंडलं-फिरलं की मोकळी होते. डॉक्टरांना दाखवून झालंय, नस दबलेली नाही, पायात मुंग्या नाहीत, व्यायाम सुरू करा म्हणाले, पण कुठला ते काही धड सांगितलं नाही. मैत्रीण म्हणतेय पिलाटेस कर, म्हणजे श्वासाबरोबर सावकाश करायचे पोट-पाठीचे व्यायाम. एक व्हिडिओ लावला, त्यावर बिगिनर असं लिहिलं होतं, पण सुरुवातीलाच दोन्ही पाय हवेत, डोकं वर आणि हात भराभर खालीवर... मान भरून आली आणि कंबर जमिनीवरून सुटायला लागली म्हणून बंद केला. खरंच फरक पडतो का याने? मशीन नसताना घरी जमतं का? आणि पहिल्यांदा नेमकं काय करायचं?

गौरी_फिजिओ:
मुग्धा, डॉक्टरांना आधी दाखवलंस हे फार बरं केलंस. तू बघितलास त्या व्यायामाचं नाव हंड्रेड. पाच आकडे श्वास आत, पाच आकडे बाहेर, असं दहा वेळा म्हणजे शंभर. बघायला सोपा वाटतो पण दुखऱ्या कंबरेच्या माणसाने सुरुवात त्याने करूच नये असं माझं ठाम मत आहे. पाय हवेत लांब धरले की ते पेलण्याचं काम मांडीच्या पुढच्या आणि जांघेतल्या स्नायूंवर येतं, त्यातला एक मोठा स्नायू थेट कंबरेच्या मणक्यांना चिकटलेला असतो, आणि पोटाच्या स्नायूंना अजून तेवढा भार पेलत नसेल तर तो कंबरेला पुढे खेचतो. तुझी कंबर जमिनीवरून सुटत होती ती यामुळेच.

पहिला आठवडाभर फक्त उताणं झोप, गुडघे दुमडलेले, तळवे जमिनीवर. तळहात बरगड्यांच्या बाजूला ठेव आणि श्वास घेताना बरगड्या हातात दोन्ही बाजूंना फुलतायत का बघ, पोट फुगवायचं नाही आणि खांदे कानाकडे चढवायचे नाहीत. श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यायचं, लघवी रोखून धरताना जसं आतून वर ओढल्यासारखं होतं तसं, पण पाव ताकदीनेच. दात-ओठ खाऊन पोट आवळलं की श्वास अडकतो आणि पाठ आणखी ताठते. याच्या जोडीला कंबर हळूच जमिनीला टेकवायची, मग हळूच कमान करायची, असं सावकाश मागेपुढे करून मधली जागा शोधायची, जिथे कंबरेखाली थोडीशीच पोकळी राहते आणि कुठेच ताण वाटत नाही. पुढचं सगळं त्या जागेवरून करायचं.

हे जमलं की एक पाय उचलायला लाग. बोटं कंबरेच्या पुढच्या दोन हाडांवर ठेव, श्वास सोडत एक गुडघा छातीकडे आण, मांडी सरळ उभी झाली की थांब, मग पाय खाली आणि दुसरा. बोटांखालचं हाड जरा जरी डावी-उजवीकडे डुललं तर कळेल, मग पाय कमी उचल. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना सगळ्यात जास्त फायदा या एका गोष्टीचा होताना बघते, कारण चालताना, जिना चढताना कंबरेला हेच करावं लागतं, पाय हलतो पण धड स्थिर. नंतर उताणं झोपून गुडघे दुमडून कुल्ले वर उचलायचे तो ब्रिज, कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडायचा तो क्लॅम, आणि हातापायांवर राहून समोरचा एक हात न् विरुद्ध पाय लांब करायचा तो बर्ड डॉग. प्रत्येकी आठ-दहा वेळा पुरे, आठवड्यातून तीनदा.

विनय_म:
गौरीताईंनी छान लिहिलंय, माझी एक भर. आपलं दुखणं कुठल्या हालचालीने वाढतं ते आधी बघा. मला डिस्कचा त्रास होता, पुढे वाकलं की कळ यायची, त्यामुळे फिजिओंनी उठून बसत पायाला हात लावायचा तो रोल अप आणि पाठ गोल करून डोलायचं ते रोलिंग दोन्ही पूर्ण बंद ठेवायला लावले होते, आणि पालथं झोपून छाती थोडीशीच वर उचलायची तो स्वान सुरू केला तर मला आराम पडला. पण आमच्याच घरात वडिलांचं बरोब्बर उलटं, त्यांना जास्त वेळ उभं राहिलं किंवा मागे वाकलं की दुखतं, त्यांना स्वान अजिबात चालत नाही, गुडघे पोटाशी घेतले की बरं वाटतं. त्यामुळे मला चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. आणि ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी पाठ गोल करून वाकायचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतो.

रानवारा:
फरक पडतो का याबद्दल. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिचा 2015 चा एक आढावा आहे, त्यात 10 अभ्यास आणि 510 लोक होते. काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेसने दुखणं कमी होतं असं दिसलं, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं काही ठोस सापडलं नाही. मला तरी यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही, उलट आपल्याला जो व्यायाम आवडतो आणि जो टिकतो तो करायला मोकळीक मिळते. मशीनचं म्हणाल तर जोसेफ पिलाटेस, जन्म 1883, जर्मनीतला माणूस, त्याने या पद्धतीला स्वतः कंट्रोलॉजी असं नाव दिलं होतं आणि त्याचे जमिनीवरचे 34 व्यायाम होते, नुसत्या चटईवरचे. रिफॉर्मर नावाचं स्प्रिंगवालं मशीन आहे, त्याची मदत होते, पण घरी सुरुवात करायला अडून काही राहत नाही. मॅट मात्र जरा जाड घ्या, 10 मिलीमीटरच्या आसपास, योगासनांची पातळ चटई माकडहाडाला टोचते.

मुग्धा_र:
सगळ्यांचे खूप खूप आभार! श्वास आणि एक पाय उचलणं सुरू केलंय, पहिल्यांदा हाड चांगलंच डुलत होतं, आता पाय कमी उचलला की स्थिर राहतं आणि ते बोटांना कळतं तेव्हा फार बरं वाटतं. काल ब्रिज करून बघितला तर मांडीच्या मागे जोरात गोळा आला. आणि व्यायामानंतर कंबर जराशी दुखली तर थांबायचं की चालू ठेवायचं?

गौरी_फिजिओ:
गोळा येतो म्हणजे कुल्ल्यांचं काम मांडीचा मागचा भाग करतोय. टाचा कुल्ल्यांच्या थोड्या जवळ घे, आधी कुल्ले आवळ आणि मगच उचल, तेही अर्ध्यापर्यंतच. बरगड्या छताकडे ढकलून उंची वाढवायची नाही, त्याने भार परत कंबरेवर येतो. पायात गोळे येत राहिले तर त्या दिवशी ब्रिज सोडून क्लॅम कर.

दुखण्याला 0 ते 10 असे मार्क दे. करताना 3 पर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत नेहमीसारखं झालं तर चालू ठेव. त्याहून वाढलं किंवा दुसऱ्या दिवशीही चढलेलंच राहिलं तर वेळा कमी कर, लगेच सगळं बंद करू नकोस. पण कळ पायात उतरायला लागली, पावलाची ताकद कमी वाटली किंवा रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे. सकाळचं आखडणं रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त राहायला लागलं तर तेही त्यांना आवर्जून सांग. आणि लघवी-शौचाचं नियंत्रण बिघडलं किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसण्याच्या जागी बधिर वाटलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. हे क्वचितच होतं, पण इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं म्हणून लिहितेय.