ओमाहा हाय-लो: लो जिंकूनही चिप्स कमी कशा होतात? मदत हवी आहे

मंडळी, जरा मदत करा. लहानपणापासून दिवाळीत तीन पत्ती, सुट्टीत बदाम सात, त्यामुळे पत्ते आपल्याला येतात असा माझा समज होता. इथे न्यू जर्सीत ऑफिसातल्या एकाच्या घरी शुक्रवारी डाव बसतो, पोकरचा, त्यातलं होल्डेम बऱ्यापैकी जमायला लागलं होतं तर गेल्या महिन्यापासून त्यांनी ओमाहा हाय-लो हा दुसरा प्रकार काढलाय आणि माझी पार वाट लागलीय.

मला कळलंय ते एवढं. चार पानं हातात, सगळ्यांसाठी सामायिक पाच टेबलावर, त्यातली हातातली बरोब्बर दोन आणि टेबलावरची बरोब्बर तीन घ्यायची. अर्धा पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, सगळ्यात भारी हाताला (हाय), अर्धा सगळ्यात हलक्या हाताला (लो), थोडक्यात तीन पत्ती आणि मुफलिस एकाच वेळी. लो लागायला पाचही पानं वेगवेगळी आणि अठ्ठी किंवा त्याखालची हवीत, नाहीतर लो नाहीच, सगळा पॉट हायवाल्याचा. हेही फुकट नाही शिकलो, पहिल्याच दिवशी टेबलावर चार इस्पिक आणि माझ्याकडे इस्पिकचा एक्का, झाली पाच इस्पिक म्हणून फ्लश फ्लश करत पॉटकडे हात घातला, तर हातात दुसरं इस्पिकच नाही, सगळे हसले.

आता खरा प्रश्न. परवा एका डावात तिघं होतो, प्रत्येकाचे ४० गेले, पॉट १२०. लो माझा लागला, मला वाटलं ६० आले, तर मिळाले ३०! म्हणे दुसऱ्याकडेही एक्का-दुर्री आहे. म्हणजे जिंकलो आणि १० गेले, हे काय गणित आहे?

आणि दुसरा डाव. माझ्याकडे एक्का, दुर्री, राणी, गुलाम. टेबलावर पंजी, सत्ती, राजा, मग अठ्ठी. याच्यापेक्षा चांगला लो कुणाकडे असूच शकत नाही ना? शेवटचं पान दुर्री आलं आणि एक्का-तिर्रीवाला लो घेऊन गेला. माझी दुर्री कुठे गेली??

*

किलवरचा गुलाम:

दादा, आधी ते मुफलिस डोक्यातून काढा. मुफलिसमध्ये सिक्वेन्स लागला की हात मेला, इथे लो मोजताना सिक्वेन्स, फ्लश कुणी बघत नाही. एक्का ते पंजी हा सगळ्यात चांगला लो आणि तोच हायला सिक्वेन्स म्हणूनही चालतो. हायला दोन पानं वेगळी आणि लोला दोन वेगळी घेतली तरी चालतं, हातात चार पानं म्हणजे सहा जोड्या होतात, सगळ्या तपासायच्या.

तुमची दुर्री कुठेच गेली नाही, तीच सगळ्यांना मिळाली. लो वरून मोजतात, सगळ्यात मोठं पान आधी. तुम्हाला टेबलावरची तीन घ्यायचीच आहेत, दुर्री तुमच्या हातातली धरली तर टेबलावरून पंजी, सत्ती, अठ्ठी, म्हणजे तुमचा हात ८-७-५-२-एक्का. त्याने टेबलावरची दुर्री, पंजी, सत्ती घेतली आणि स्वतःची एक्का-तिर्री, झाला ७-५-३-२-एक्का. अठ्ठीला सत्ती भारी, विषय संपला. याला काउंटरफिट होणं म्हणतात. राणी-गुलामाच्या जागी एक तिर्री जरी असती तर तुम्हीही तोच हात केला असता. म्हणून एक्का-दुर्री-तिर्री पाहिजे, नुसती एक्का-दुर्री बघून उड्या मारायच्या नाहीत.

*

रात्रपाळी:

३० चं गणित सोपं आहे, १२० चे ६० हायला, उरलेले ६० लोवाल्या दोघांत. याला क्वार्टर होणं म्हणतात आणि या खेळात नवीन माणूस इथेच मरतो. चौघं असते तर १६० मधले ४० मिळून तुम्ही जिथल्या तिथे. दोघंच असाल तर ८० मधले २०, निम्मे गेले. एक्का-दुर्री सगळेच धरून बसतात हो, त्यामुळे लो पक्का असला तरी हायला काहीच नसेल तर रेज करत, म्हणजे बोली वाढवत सुटू नका, मुकाट कॉल करा, समोरच्याएवढेच टाका. मजा दोन्ही बाजू मारण्यात आहे, त्याला स्कूप म्हणतात. एक्क्याच्याच रंगाचं अजून एक पान हातात असेल तर फ्लशचीही आशा राहते. सत्ती-अठ्ठी-नव्वी-दश्शी दिसायला छान, पण सिक्वेन्स लागतो तेव्हा बऱ्याचदा टेबलावर लोसुद्धा झालेला असतो, अर्धाच पॉट हातात येतो. मी तरी फेकतो.

अजून एक, शोला तुमची दोन पानं निवडून दाखवू नका. चारही उघडी टाका, टेबलावरचे सगळे मिळून वाचतात. मी एकदा लो हरला म्हणून पानं ढिगात सरकवली, आणि शेजारी म्हणतो अरे तुझा सिक्वेन्स होता की.

*

धागाकर्ता:

बापरे, म्हणजे राणी-गुलाम ही नुसती शोभेची पानं होती. कळलं. एक शेवटचं, पॉट विषम आला तर उरलेली चिप कुणाची? परवा त्यावरून दहा मिनिटं वाद झाला.

*

रात्रपाळी:

हायवाल्याची.