तांबड्या पेशींवरून चयापचय कळेल का?
रक्तातील तांबड्या पेशींतील विकरांची (म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एन्झाइम्सची) सक्रियता मोजली की माणसाचा विश्रांतीतील चयापचय, म्हणजे स्वस्थ असताना शरीर किती ऊर्जा खर्चते ते, कळेल असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. प्रौढ तांबड्या पेशीत तंतुकणिकाच (ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतले भाग, मायटोकाँड्रिया) नसतात. ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतः मात्र तो न वापरता ग्लुकोजच्या विघटनावर सुमारे १२० दिवस जगते, आणि केंद्रक नसल्याने तिची विकरे म्हणजे अस्थिमज्जेतून निघताना बांधून दिलेली शिदोरीच असते. (परळच्या आमच्या प्रयोगशाळेत रक्ताचा नमुना पेशी वेगळ्या न करता तासभर राहिला, तरी त्यातली साखर उतरू लागते, पेशी स्वस्थ बसत नाहीत, एवढेच त्यातून दिसते.) थायरॉइडचे संप्रेरक वाढले की शरीराचा चयापचय वाढतो, पण तांबड्या पेशींवरील सोडियम-पोटॅशियम पंप (ऊर्जा खर्चून हे क्षार पेशीच्या आत-बाहेर नेणारी प्रथिने) मात्र घटतात. विश्रांतीतील ऊर्जेचा मोठा वाटा यकृत, मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि स्नायू खर्च करतात. त्याचा अंदाज श्वासावाटे वापरलेल्या ऑक्सिजनवरूनच घेतलेला बरा.