छोट्या लेथसाठी पहिली टूल्स कोणती घ्यावीत?

नवशिका:
गेल्या महिन्यात १८० मिमी स्विंगचा (एवढ्या व्यासापर्यंतचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरू शकेल असा) छोटा लेथ घेतला; टेलस्टॉकला, म्हणजे चकासमोरच्या मागच्या आधाराला, एमटी-२ टेपर (मोर्स टेपर क्र. २ चे निमुळते भोक) आहे. सोबत ब्रेझ्ड कार्बाइड टूल्सचा (टोकाला कार्बाइडचा तुकडा झाळलेल्या टूल्सचा) ११ नगांचा संच आणला. परंतु २५ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) सळईचे फेसिंग केले (टोक सपाट कापले) की मधोमध बारीक बोंड शिल्लक राहते आणि टर्निंगनंतर (बाहेरून व्यास कापल्यावर) जॉब ओरबाडल्यासारखा दिसतो. हाताशी आता आठ-दहा हजार रुपये आहेत. क्विक-चेंज टूलपोस्ट (टूल झटपट बदलता येणारा धारक) आधी घ्यावे, की इन्सर्टची (बदलत्या टोकांची) टूल्स?

टूलरूमवाला:
सध्या दोन्ही नकोत. बोंड राहते याचा अर्थ टूलचे टोक सेंटरच्या, म्हणजे जॉबच्या मध्यरेषेच्या, उंचीवर नाही, आणि हा दोष नव्या टूलने जाणार नाही. लेथ बंद ठेवून जॉब आणि टूलचे टोक यांच्यामध्ये सहा इंची स्टीलपट्टी हलकेच दाबून धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर आहे. तिचे वरचे टोक तुमच्याकडे झुकले तर टूल खाली आहे आणि पलीकडे झुकले तर वर आहे. टूल खाली असल्यास त्याच्याखाली पॅकिंग द्या. दात घासून काढलेले जुने हॅक्सॉ ब्लेड त्यासाठी उत्तम.

पैसे मात्र बेंच ग्राइंडर आणि ८ मिमी चौरस एचएसएसचे (हाय-स्पीड स्टीलचे) चार-पाच ब्लँक (धार न लावलेले तुकडे) यांवर खर्च करा. स्वस्त ब्रेझ्ड टूलची धार बहुधा बोथट असते, आणि बोथट टूल रेटून नेण्याइतका ताठपणा छोट्या यंत्रात नसतो. एचएसएसला मात्र हवी तशी तीक्ष्ण धार घरीच लावता येते. घासताना एचएसएस पाण्यात बुडवून थंड केलेले चालते, पण तापलेले कार्बाइड बुडवल्यास त्याला तडे जातात. पितळेसाठी टूलचा वरचा उतार शून्य ठेवावा, अन्यथा ते जॉबमध्ये घुसते. एचएसएसने एमएस कापताना मिनिटाला ३० मीटर वेग धरला, तर तुमच्या सळईसाठी सुमारे ३८० आरपीएम येतात.

फोर-जॉ:
ग्राइंडर मान्य, परंतु टेलस्टॉक रिकामा ठेवून कसे चालेल? एमटी-२ शँकचे (दांड्याचे) ड्रिल चक, दोन-तीन सेंटर ड्रिल (टोकाच्या मध्यावर छोटे भोक पाडणारे) आणि रिव्हॉल्व्हिंग सेंटर (त्या भोकात बसून जॉबसोबत फिरणारा टोकदार आधार) हवेतच. सळई चकाबाहेर व्यासाच्या तिप्पट-चौपटीहून अधिक निघाली, की तिला मागून आधार द्यावा लागतो. त्यानंतर फोर-जॉ चक (चारही जबडे वेगवेगळे सरकवून जॉब मध्यावर आणता येतो असे) आणि मॅग्नेटिक बेससह डायल गेज (जॉब किती हलतो ते दाखवणारे) घ्यावे, कारण थ्री-जॉ (तीन जबड्यांच्या) चकामधून काढलेला जॉब पुन्हा लावल्यावर नेमका मध्यावर बसेलच असे नाही.

पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करणारे) सर्वांत शेवटी घ्या. मी सुरुवातीला ब्लेड फार बाहेर काढून, कॅरेज (टूल सरकवणारा भाग) लॉक न करता पार्टिंग केले होते. ब्लेडचा तुकडा उडून माझ्या चष्म्याच्या काचेवर आदळला. पार्टिंग टूल घेईपर्यंत जॉब व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने कापावा.

नवशिका:
पट्टी माझ्याकडेच झुकली. हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे घातले आणि बोंड गेले; ओरबाडे मात्र अजून आहेत, त्यामुळे उद्या ब्लँक आणतो. ॲल्युमिनियम कापताना वंगण म्हणून काय वापरावे?

टूलरूमवाला:
रॉकेल, तेही ब्रशने आणि अगदी थोडे. त्यामुळे धारेवर धातू चिकटत नाही. मात्र जवळपास ग्राइंडर चालू ठेवू नका.