‘रजोनिवृत्ती’ला बोर्डावर लावण्याजोगा शब्द सुचवा

बेदाणाबाई
कुपवाड एमआयडीसीत बेदाणा पॅकिंगच्या एका कारखान्यात मी ऑफिसचं काम बघते. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाने चार पानी धोरण पाठवलं, ते मराठीत करून बोर्डावर लावायचं होतं. विषय मेनोपॉज. कोश बघून मी मथळा दिला, ‘रजोनिवृत्ती काळात महिला कर्मचाऱ्यांना साहाय्य’. डब्याच्या सुट्टीत निवड विभागातल्या तिघी टेबलापाशी हजर. “मॅडम, साठलेल्या रजा आता मिळनार न्हाईत का?” एकीची नोकरी वर्षभरात संपतेय, ती रडकुंडीला आलेली. कागद काढून ठेवला. आता काय लिहू? ‘पाळी जाणे’ बोर्डावर बरं दिसत नाही, असं साहेबांचं मत. आणि ‘हॉट फ्लश’चं, म्हणजे अंगातून एकदम गरमी उसळते त्याचं, मी ‘उष्ण प्रवाह’ केलंय. हसू नका.

वाईकर
रजस् + निवृत्ती = रजोनिवृत्ती. मनस् + रथ = मनोरथ, तसंच. ‘रजा’ अरबी, मूळ अर्थ संमती, परवानगी. दोघांचा काडीचा संबंध नाही. शब्द निर्दोष आहे, वाचणाऱ्याला संधी येत नाही हा शब्दाचा दोष नव्हे.

हळदपेव
उष्ण प्रवाह! नववीच्या भूगोलात गल्फ स्ट्रीम होता तो. आता बेदाण्याच्या कारखान्यातनं वाहायला लागला.

वाईकरसाहेब, नोटीस बोर्ड म्हणजे शाळेचा फळा नव्हे. तीन बायका ‘रजा’ वाचतात म्हणजे तिथं ‘रजा’च लिहिलंय.

वाईकर
मग ‘ऋतुनिवृत्ती’ घ्या. रजेचा घोळ नाही.

हळदपेव
ऑक्टोबरमध्ये लावा, पावसाळा संपला म्हणून सगळे खूश होतील.

काढा_घ्या
आयुर्वेदात याची चर्चा जुनी आहे. सुश्रुताने शारीरस्थानात रज बाराव्या वर्षी सुरू होतं आणि पन्नाशीला क्षय पावतं असं म्हटलंय. त्यावरून ‘रजःक्षय’ करता येईल.

हळदपेव
लावा. सगळ्या टीबीच्या तपासणीला रांगेत उभ्या राहतील.

मिरजेची_सिस्टर
हसून झालं असेल तर एक सांगू? वॉर्डात बावीस वर्षं काढली. ‘पाळी जाणे’ समजायला सोपं, पण त्यात एक गोची आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच डॉक्टर मेनोपॉज झाला म्हणतात. त्रास मात्र कितीतरी आधी सुरू होतो, पाळी मागंपुढं व्हायला लागते तेव्हापासून. झोप उडते, घाम फुटतो, विसरायला होतं, जीव चिडचिडा होतो. ‘पाळी गेलेल्या महिला’ लिहिलंत तर जिला आत्ता गरज आहे ती म्हणणार, माझी कुठं गेलीया अजून?

दुसरं, पिशवी काढलेल्या. आपल्याकडे किती आहेत बघा. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी गाजली, सरकारने समिती नेमली, पण त्या बायका तोडीला आपल्याच कारखान्यांवर येतात की. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर पाळी थांबते, बाकीचं लगेच थांबत नाही. अंडाशयही काढले तर सगळं एकदम अंगावर येतं. अशी बाई ‘पाळी जाणे’ वाचून पुढं जाते. तिच्या हिशोबी तिची ‘गेली’ नाही, काढली.

कोरेगावकरीण
सिस्टर, पटलं. आमची आजी म्हणायची, “सुटले गं बाई.” दुसरा शब्द नव्हता. शेजारणीला विचारायची, “सुटलीस का?” नवीन माणसाला वाटावं बाळंतपणाचं चाललंय. ‘विटाळ गेला’ही म्हणायची. देवघरात जायला, लोणच्याच्या बरणीला हात लावायला मोकळी. एवढा आनंद ‘रजोनिवृत्ती’त कुठंय?

फलटणकर७२
‘विटाळ गेला’ म्हणायचं म्हणजे तीस-पस्तीस वर्षं विटाळ होता हे कबूल करायचं. गोड वाटतं म्हणून असले शब्द परत आणू नका.

कोरेगावकरीण
बोर्डावर लावा असं कुठं म्हणाले मी? आजी काय म्हणायची ते सांगितलं. आजीला दुरुस्त करू का आता?

वाईकर
भावना बाजूला ठेवू. प्रमाण शब्द डावलून बोलीतला कुठलाही उचलला तर उद्या जत तालुक्यात एक नोटीस, जावळीत दुसरी. परिभाषा याचसाठी असते.

पाटण_ते_पुणे
सरळ ‘मेनोपॉज’ लिहा ना. १८२१ साली गार्दान या फ्रेंच डॉक्टरने ग्रीकमधला महिना आणि थांबणं जोडून तो केला, त्यांच्यासाठीही घडवलेलाच होता. आमच्या ऑफिसात एका महाशयांना त्यातला ‘मेन’ पुरुषांचा वाटला. पण निदान रजा तरी कुणी मागितली नाही.

बेदाणाबाई
निवड विभागात ‘मेनोपॉज’ कुणालाच कळणार नाही, विचारून बघितलं. पण ‘उष्ण प्रवाहा’चा शब्द मिळाला. आमच्याकडे एक मावशी आहेत. टोपी, मास्क, ॲप्रन असं अंगावर सगळं. मधेच उठतात आणि कोल्ड स्टोरेजच्या दाराला पाठ लावून उभ्या राहतात. दोन मिनिटं, डोळे मिटून. सुपरवायझर ओरडतो, कामचुकार म्हणून. काल मी विचारलं तर म्हणाल्या, “वाफा निघत्यात बग अंगातनं. हितं जरा बरं वाटतंय.”

मिरजेची_सिस्टर
वाफा! तोच शब्द. ओपीडीतही हाच ऐकते मी. धोरणात लिहाच, ‘वाफा आल्यास दोन मिनिटे गार जागी थांबता येईल’. आणि सुपरवायझरला वाचून दाखवा.

बेदाणाबाई
आता ‘ॲडजस्टमेंट’. पंख्याजवळची जागा, सुती युनिफॉर्म, पाणी प्यायला आणि बाथरूमला जायला मोकळीक, रात्रपाळी बदलून देणं. मी ‘सवलती’ लिहिलंय.

फलटणकर७२
‘सवलत’ नको. मेहरबानी केल्यासारखी वाटते. ‘सोय’ लिहा.

वाईकर
सवलत म्हणजे मुळात सुहूलत, सुलभता. मेहरबानी त्यात नाही.

हळदपेव
रजोनिवृत्तीला संस्कृत आणि सवलतीला फारसी चालतं होय? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसीला संस्कृत शब्द दिले, तुम्ही उलटे निघालात.

वाईकर
मी मूळ अर्थ सांगितला, शिफारस केली नाही. आणि मूळ काहीही असो, वीजबिलात मिळते ती सवलत, धर्मशाळेत होते ती सोय. फरक आहे, मान्य.

पाटण_ते_पुणे
रजेवरून आठवलं. माझे वडील कराडजवळच्या साखर कारखान्यात होते. कायम कामगार ‘रजा’ टाकायचे. रोजंदारीवाल्यांना रजा हा शब्दच नाही, त्यांचा ‘खाडा’. “आज खाडा धरला” म्हणजे दिवस बुडाला. त्या तिघी कायम असतील, म्हणून ‘रजा’ वाचलं. रोजंदारीची बाई बोर्डापाशी थांबलीच नसती.

बेदाणाबाई
मावशी रोजंदारीवरच आहेत. आणि धोरणाच्या पहिल्या ओळीत ‘कायम कर्मचारी’ असं आहे. हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

मिरजेची_सिस्टर
मग शब्द राहू दे, आधी ती ओळ बघा.

बेदाणाबाई
गिऱ्हाइकाला मेल करून विचारलंय. साहेबांना घाई आहे, तपासणीवाले सोमवारी येताहेत. तूर्त मथळा ‘पाळी जाण्याच्या वयातला त्रास : काय सोय आहे’ असा केला आणि खाली ‘पिशवी काढलेल्या महिलांनाही लागू’ असं जोडलं. साहेबांनी ‘पाळी’वर पेनाने वर्तुळ केलंय, खोडलं मात्र नाही. ‘वाफा’ राहिल्या.

वाईकर
‘वयातला’ की ‘वयातील’? नोटीस आहे, ‘वयातील’ हवं.

हळदपेव
ते ‘खाडा’ कानडी आहे का हो? जतकडचं कुणी आहे का इथं?