प्रतिसाद: सुट्टीपेक्षा कामाची वाटणी
कामाच्या सततच्या ताणातून येणारी ‘बर्नआउट’ ही अवस्था टाळण्यासाठी एकट्याने व्यवसाय करणाऱ्याने आठवड्यातून एक दिवस फोन बंद ठेवावा, ही सूचना योग्यच आहे; परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची जी तीन लक्षणे नोंदवली, म्हणजे शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपणा आणि घटलेली कार्यक्षमता, त्यांपैकी तुटलेपणा एका सुट्टीने जात नाही. माझ्या पाहण्यात, कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक भागात एकट्याने जॉबवर्क (इतर कारखान्यांना काम करून देणे) करणारा माणूस लेथ यंत्रावर थकत नाही. त्याला थकवते ती उधारीची वसुली आणि ११ व २० तारखेची मासिक जीएसटी विवरणपत्रे. हिशेब बाहेर सोपवावा, वसुलीचे फोन एकाच दुपारी उरकावेत आणि (ओळखीपाळखीच्या कोल्हापुरात हे अवघड आहे) तातडीच्या कामाचा दर आधीच वेगळा सांगावा.