लेकरांसाठी ठेवलेला वाचनाचा दिवस : तुमच्याकडे काय काय झालं?

कूलरपुढे
आज लेकीच्या शाळेतून निरोप आला, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे, आवडतं पुस्तक घेऊन पाठवा. डॉ. कलामांचा जन्मदिवस, २०१५ पासून राज्यभर पाळतात. निरोप वाचला आणि आमच्या सोसायटीतला मे महिन्यातला एक रविवार आठवला.

विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. सुट्टी लांबच लांब, आणि दुपारी लेकरांना बाहेर सोडायची सोय नाही. म्हणून सगळ्या घरांनी मिळून खालच्या हॉलमध्ये दिवसभर वाचन ठेवलं. दोन कूलर, सतरंज्या, घरोघरची पुस्तकं. अट एकच होती, गोष्ट संपली की कोणी लेकराला "सांग बरं तात्पर्य" म्हणायचं नाही. सकाळी तर्रीपोहे, मग पन्हं, मध्येच लाईट गेली, कोणाचं तरी बाळ रडत होतं. बसायला फुरसत नव्हती. पण वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जे केलं ते विसरणार नाही. पुस्तकातल्या दोन ओळी छापल्याप्रमाणे वाचायचे, मग मान वर करून "वाघोबा म्हणे, काहून बे, कुठं चालला?" पुस्तक दिसलं की पळणारा माझा मुलगा त्यांच्या मांडीला टेकून शेवटपर्यंत बसला. पोरं वाचनाकडे येतात ती अशी, आपल्या घरच्या आवाजातून. माझं हे मत त्या दिवशी पक्कं झालं.

लिहा ना, तुमचे अनुभव. घर, शाळा, मोहल्ला, काहीही.

सध्या पुण्यात
तर्रीपोहे वाचूनच डोळ्यात पाणी आलं हो ताई. बाकी नंतर वाचते.

महालातला मामा
आमच्या वाड्यात भाचे-पुतणे जमतात तेव्हा मी पुस्तकांचा दवाखाना मांडतो. फाटकं पुस्तक आणा, बरं करून न्या. पोट्टे तुटून पडतात. मैद्याची खळ शिजवायची, गुठळी होऊ द्यायची नाही, थंड झाली की ब्रशनं पातळ लावायची. फाटलेल्या कडा एकमेकींवर नीट बसवून वरून पातळ कागदाची पट्टी. मग वर जाड ग्रंथ ठेवून रात्रभर दाब. सेलोटेप अजिबात लावू देत नाही. टेप काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात मुरतो आणि मग ती काढताना अक्षरंही निघून येतात. बाइंडर लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ती विषारी आहे, लेकरांच्या हाती द्यायची नाही. आम्ही साधी खळ वापरतो आणि उरलेली फेकतो.

यात एक गंमत होते. पान चिकटवायचं तर आधीचं पान कोणतं, पुढचं कोणतं, हे पाहावं लागतं. ते पाहता पाहता पोट्टी वाचायला लागते आणि दुरुस्ती राहते बाजूला. माझी एक पुतणी दुपारभर एकाच पानावर ब्रश धरून बसली होती. मी काही बोललो नाही, वाचू दिलं.

पोट्ट्यांची आई
मामा हे भारी आहे!! या दिवाळीच्या सुट्टीत करूनच पाहते. लेखन नंतर, कुकर झाला.

नाईट ड्युटी
माझी मुलगी तीन वर्षांची. रोज तेच बेडकाचं पुस्तक. तेच. मी अर्धी ओळ सोडली तरी पकडते, "आई, तू विसरली." ड्युटीवरून आल्यावर डोळे मिटत असतात. ननंद म्हणते नवीन पुस्तक दे, नाहीतर वाढ व्हायची नाही. कोणाच्या घरी असं आहे का?

हिंगण्याचे गुरुजी
ताई, देत राहा तेच पुस्तक. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की तिच्यातले नवे शब्द लहान मुलांच्या जास्त पक्के लक्षात राहतात, हे अभ्यासातूनही दिसलेलं आहे. ती ओळ पकडते म्हणजे तिला गोष्ट पाठ आहे. पुढे अक्षरं ओळखताना हेच कामी येणार. आणि ड्युटी करून येऊन वाचता, तुम्हाला नमस्कार.

माझा अनुभव शाळेतला. पालकांना बोलावून वाचनाचा दिवस घेतला. बऱ्याच आया दाराशीच उभ्या, "गुरुजी, आम्हाले वाचता येत नाही." मी शब्द नसलेली चित्रांची पुस्तकं हाती दिली आणि म्हटलं, दिसते ते सांगा. एक बाई सुरू झाली ती थांबेना. चित्रात फक्त बकरी आणि विहीर. तिनं बकरी आपल्या जाऊची केली, विहिरीला पाणी नाही म्हणून सरपंचाला बोलावलं, सगळी शाळा ऐकून राहिली. तिचा मुलगा पहिलीत, वर्गात तोंड उघडत नव्हता. तो उठला आणि म्हणाला, आता पुढची मी सांगतो.

काही घरांत गोंडी बोलतात, काहींत हिंदी. त्या दिवशी ज्याला जी भाषा येते ती चालली. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीवर पाहा. गोष्टी मराठीतही आहेत, फुकट उतरवून छापता येतात, आणि वाचनाच्या पायरीप्रमाणे लावलेल्या आहेत. मी छापून टाचण्या मारून मुलांना घरी देतो.

नाईट ड्युटी
गुरुजी, खूप बरं वाटलं. ननंदेला दाखवते. 🙏

सध्या पुण्यात
आता सगळं वाचलं. बकरीवाली गोष्ट वाचून ऑफिसमध्ये डोळे पुसले. माझा मुलगा इथं वाढतोय, त्याला "काहून" ऐकून हसू येतं. आजोबांना फोनवर गोष्ट वाचायला सांगू का?

कूलरपुढे
नक्की सांगा! रेकॉर्ड करून ठेवा. आमच्या आजोबांचं कोणीच केलं नाही, मागच्या वर्षी ते गेले.

सध्या पुण्यात
अरेरे. आज रात्रीच सांगते बाबांना.

रामदासपेठ
'किशोर' मासिक आठवते का कोणाला? बालभारती १९७१ पासून काढते. जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट ठेवले आहेत. माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा नातू त्यांना त्यातलं वाचून दाखवायचा. अडला की बाबा डोळ्यावर पट्टी असतानाच शब्द सांगायचे, बरेच त्यांना तोंडपाठ. दोघांचीही करमणूक. डॉक्टरांनी पट्टी काढली तरी वाचन बंद झालं नाही.

पोट्ट्यांची आई
आले परत. आमच्याकडे धाकटा वाचतो, मोठा फक्त क्रिकेट. मग त्याला पेपरातला स्कोअर मोठ्यानं वाचायला लावला. तेही वाचनच आहे ना गुरुजी?

हिंगण्याचे गुरुजी
शंभर टक्के. स्कोअरपासून बातमी, बातमीपासून खेळाडूचं चरित्र. घाई नका करू.

बर्डीवाली
जुनी पुस्तकं पाहिजे असतील तर नागपुरात बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला फिरा, मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरायचं म्हणजे पार्किंगची कटकट नाही. लेकराला पन्नास रुपये देऊन म्हणावं, तुला पाहिजे ते घे. माझ्या भाचीनं ट्रॅक्टर दुरुस्तीचं पुस्तक घेतलं होतं. वहिनी नाही म्हणत होती, मी घेऊ दिलं. अजून तिच्या उशाशी आहे.

महालातला मामा
ट्रॅक्टर!! तिला आमच्या वाड्यात पाठवा, बाइंडिंग शिकवतो.

बर्डीवाली
शनिवारी आणू का मामा? चार वाजता?

महालातला मामा
पाचनंतर आणा, आता ऊन उतरत नाही लवकर. मैदा आणि जुनी चादर घेऊन या, ब्रश आहेत.

पोट्ट्यांची आई
मीही येते, दोघांना घेऊन.